ओलीचा माग

रामनगरात पाऊस नुसता वरून पडत नाही, तो बाजूनेही येतो. गोव्याकडून अनमोडचा घाट चढून वर आलेला वारा समुद्राचं पाणी अंगावर घेऊन येतो आणि माथ्यावरच्या या सपाटीवर ते मोकळ्या हाताने उधळतो. आषाढात दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. कपडे चुलीच्या वरच्या दांडीवर वाळतात, त्यांना धुराचा वास येतो आणि त्या वासाचीही सवय होते. जवळच्या कॅसलरॉकच्या पावसाचे आकडे ऐकून बेळगावचे पाहुणे थक्क होतात. आम्हाला आकडे लागत नाहीत. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावला की पाऊस किती झाला ते कळतं.

या पावसावर आमचं प्रेम आहे. त्याच्यावर भाताची खाचरं उभी आहेत, काळी आणि पांढरी या नद्या वाहत्या आहेत, हत्ती-वाघांचं रान हिरवं आहे. पण तोच पाऊस दरवर्षी गावातल्या प्रत्येक घराची झडती घेतो. कुठलं कौल सरकलं, कुठल्या भिंतीचा गिलावा फुगला, कुठल्या खिडकीची फळी तिरकी झाली, हे त्याला घरात राहणाऱ्यांच्या आधी समजतं. श्रावणात कधीतरी सकाळी जाग येते आणि छताच्या कोपऱ्यात कालपर्यंत नसलेला एक पिवळसर डाग दिसतो. त्याची कड गडद असते, आतला भाग फिका. दोन दिवसांत त्याच्या शेजारी दुसरा उमटतो. मग कपाटामागून कुबट वास येऊ लागतो, वहीची पानं मऊ पडतात, मीठ पाझरतं, आणि घरातली मोठी माणसं बोलता बोलता गप्प होऊन वर बघू लागतात.

आमच्या घरी तो डाग मधल्या खोलीत उमटला. आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आता माणूस बोलवायला हवा." त्या एका वाक्यात मला तिचा सगळा स्वभाव दिसतो. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येतं त्याला मानाने घरी बोलवावं, त्याला चहा द्यावा, त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं, हे तिने आम्हाला लहानपणापासून शिकवलं आहे. पावसाळ्यात डाग दिसला की कौलांवर प्लॅस्टिक टाकायचं, फटीत डांबर भरायचं, दिवाळीला वरून रंग फिरवायचा, हे गावात सगळीकडेच चालतं. त्याने चार दिवस बरे जातात. पण घर दुरुस्त होत नाही.

गवंडीमामा आले ते भर पावसात, डोक्यावर खोळ घेऊन. वय झालेलं, बोटांच्या पेरांना चुन्या-सिमेंटच्या भेगा. आल्याबरोबर ते डागाखाली जाऊन उभे राहतील असं मला वाटलं होतं. ते आधी घराबाहेर गेले. घराला एक फेरी घातली. पागोळ्या कुठे पडतात, जोत्याजवळ पाणी साचतं का, अंगणाचा उतार कुणीकडे आहे, हे बघितलं. मग आत येऊन भिंतीवर बोटाच्या पेराने ठोके देत देत खोलीभर फिरले. टणक आवाज आला की पुढे. एका ठिकाणी आवाज बोदा झाला, तिथे थांबले, खिशातल्या खडूने एक वर्तुळ काढलं. असं करत त्यांनी भिंतीवर वेड्यावाकड्या खुणांची एक वाट आखली. ती वाट डागापाशी संपत नव्हती. ती वर चढत, आडवी वळत, मागच्या खोलीच्या कोपऱ्याकडे जात होती.

"बाई, ओल दिसतीय तिथं पाणी न्हाई," ते म्हणाले. "पाणी लांबनं चालत आलंय. पयलं ते कुठनं निघालं ते बगू या. डाग काय, शेवटाला आपोआप जातोय."

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाणी जिथे पडतं तिथेच क्वचित झिरपतं. कौलाच्या फटीतून आत आलेला थेंब रिपेवर उतरतो, रिपेवरून वाशावर येतो, वाशाच्या पोटाशी चिकटून उताराने हातभर, दोन हात, कधी सबंध खोलीभर प्रवास करतो आणि जिथे एखादी गाठ किंवा खिळा आडवा येतो तिथे खाली पडतो. आपल्याला दिसतो तो त्याच्या प्रवासाचा शेवट. ज्याला हे काम येतं तो उलटा चालत जातो, शेवटाकडून सुरुवातीकडे. त्याला घराचं बांधकाम ठाऊक असावं लागतं, वाऱ्याची दिशा ठाऊक असावी लागते, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे घाई नसावी लागते.

आमच्या गळतीचा उगम सापडला तो जुन्या आणि नव्या बांधकामाच्या सांध्यात. रामनगरातल्या अनेक घरांसारखं आमचं घरही दोन काळांत बांधलेलं आहे. पुढचा भाग कौलारू. मागे नंतर जोडलेली स्लॅबची खोली. कौलांचं पाखं जिथे त्या खोलीच्या भिंतीला जाऊन भिडतं, तिथे सिमेंटची एक रेघ ओढलेली होती. लाकडी छप्पर पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. भिंत आपल्या जागी स्थिर. दोघांमधली ती रेघ वर्षा-दोन वर्षांत तडकणारच. तिथे पक्कं काम म्हणजे भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी बसवायची आणि ती कौलांवर मोकळी सोडायची, म्हणजे छप्पर हललं तरी पाणी पट्टीवरून कौलांवर आणि कौलांवरून पन्हळीत जातं. मामांनी हे मातीवर काडीने चित्र काढून समजावलं. आई आणि मी दोघी उकिडव्या बसून बघत होतो.

कौलं मात्र चांगली निघाली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला पहिला कारखाना काढल्यापासून ही लाल, चपटी, खोबणीची कौलं पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पसरली. आमच्या शेजारच्या खानापूर तालुक्यातही चांगली माती मिळते म्हणून तिथे कौलांचे कारखाने उभे राहिले. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खोबणीत बसते आणि पाठीमागची गाठ रिपेला धरून राहते. ही रचना इतकी विचारपूर्वक केलेली आहे की फुटकं कौल काढून नवं बसवायला शेजारची कौलं जराशी उचलली की पुरतं. दुरुस्तीचा विचार वस्तू घडवतानाच केलेला असला की ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

मामांनी छपरावर चढून चार-पाच ओळी उतरवल्या तेव्हा खालचं लाकूड उघडं पडलं. आई पुढे झाली. तिला ते वासे जवळून पाहायचे होते.

ते वासे सुप्याचे आहेत. सुपा म्हणजे आमच्या तालुक्याचं जुनं मुख्य ठिकाण. काळी आणि पांढरी यांच्या संगमापाशी धरण बांधायचं ठरलं, १९७०च्या दशकात काम सुरू झालं, आणि १०१ मीटर उंचीची भिंत उभी राहिली. तिच्यामागे चढलेल्या पाण्यात सुपा गेलं, आजूबाजूची गावं गेली. तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि पाण्याखाली गेलेल्या गावांमधली कितीतरी कुटुंबं रामनगरच्या वसाहतीत आली. कर्नाटकाच्या मोठ्या भागाला त्या पाण्यापासून वीज मिळते, ती मिळायला हवीच होती. पण आमच्या गावातली म्हातारी माणसं अजूनही अंतर सांगताना "सुप्याहून इतकं" असं सांगतात. माझ्या आजोबांनी घर सोडताना दाराची सागवानी चौकट आणि ऐनाचे वासे सोडवून गाडीत भरले. ऐनाला आमच्याकडे मत्ती म्हणतात. जमीन आणता येत नव्हती, विहीर आणता येत नव्हती, आंब्याचं झाड आणता येत नव्हतं. लाकूड आणता आलं. नव्या जागेवर नव्या भिंती उभ्या राहिल्या, पण त्यांच्यावर छप्पर चढलं ते जुन्या घराचं. पाण्याने हुसकावलेल्या घराचे वासे इथे पुन्हा पाण्याशी झुंजत उभे होते.

दोन वाशांची टोकं काळी पडली होती. सुताराने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लाकडात दाबून बघितलं. कुजलेल्या भागात ते लोण्यात जावं तसं आत गेलं, आणि वीतभर अलीकडे अडकलं. तिथून पुढे लाकूड खणखणीत होतं. "पूर्ण बदलायची गरज न्हाई," तो म्हणाला. "टोक कापून सांधा करतो. आजोबांचं लाकूड राहू दे." आईने काही म्हटलं नाही, पण ती आत जाऊन त्याच्यासाठी पुन्हा चहा करू लागली. त्याने जुना वासा तिरका कापला, नव्या तुकड्याला तसाच उलटा काप दिला, दोन्ही एकमेकांवर बसवून आरपार बोल्ट घातले. भार दोन्हींवर सारखा यावा याची तो काळजी घेत होता. पण हे सगळं त्याने लगेच केलं नाही. भिजलेल्या लाकडावर सांधा बसवला तर वाळताना तो उघडतो, म्हणून छपरावर ताडपत्री घट्ट बांधून तो गेला आणि पाऊस सरल्यावर आला.

हळूहळू वाळवण्याची ही शिस्त जगभरची आहे. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत आर्नो नदी फ्लॉरेन्स शहरात शिरली. चर्चमधली, संग्रहालयांतली शेकडो चित्रं चिखलात बुडाली. त्यांतली कितीतरी लाकडी फळ्यांवर रंगवलेली होती. ती घाईने वाळवली असती तर लाकूड आकसून रंगाचे पापुद्रे उडाले असते. तिथल्या जाणकारांनी ती चित्रं बागेतल्या लिंबाची झाडं थंडीत ठेवायच्या मोठ्या दालनात नेली. आत मुद्दाम दमट हवा ठेवली आणि तो दमटपणा महिनोन्‌महिने थोडा थोडा कमी करत गेले. जगातली थोर चित्रं आणि रामनगरातल्या एका कौलारू घराचा वासा, दोघांना लागणारी समज एकच. पाणी शिरायला एक रात्र पुरते, ते बाहेर पडायला त्याचा वेळ द्यावा लागतो.

भिंतीचंही तसंच. आमची भिंत चिऱ्याची. हा तांबडा जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो, पण त्याच्या अंगभर सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून जमिनीतलं पाणी वातीतून तेल चढावं तसं वर चढत राहतं. येताना ते मातीतले, चिऱ्यातले, सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं. भिंतीच्या पृष्ठभागाशी पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक होतात. ते वाढताना गिलाव्याला आतून ढकलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. वरून चकचकीत रंग दिला की पाण्याला बाहेर पडायची वाट बंद होते आणि ते आणखी वर चढून दुसरीकडे फुटतं. म्हणून मामांनी सगळा बोदा गिलावा चिऱ्यापर्यंत उतरवला, ब्रशने पांढरे क्षार झाडले आणि भिंत उघडी ठेवली. "शिमग्यापर्यंत हात लावू नका," म्हणाले. नागड्या लाल चिऱ्याची भिंत घेऊन आम्ही दिवाळी केली. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा आई शांतपणे सांगायची, "भिंत वाळतेय." होळीनंतर मामांनी चुन्याचा हात दिला. चुना भिंतीतली ओल बाहेर येऊ देतो. आमच्या मुलुखातल्या जुन्या देवळांच्या आणि वाड्यांच्या भिंती त्याच्याच जोरावर इतके पावसाळे निभावून आहेत.

मागच्या खोलीच्या गच्चीसाठी बेळगावहून गळती बंद करणारे कारागीर आले. त्यांचं काम बघणं हा एक आनंद होता. आधी त्यांनी जुना थर पूर्ण काढला. मग विटांचे तुकडे मसाल्यात उभे-आडवे बसवून पन्हळीच्या तोंडाकडे उतार दिला आणि त्यावर कोबा केला. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो काटकोन त्यांनी गोलसर भरून घेतला. त्याला ते वाटा म्हणतात. पाण्याला कोपरा मिळाला की ते तिथे बसतं, बसलं की शिरतं. कोपरा गोल केला की त्याला बसायला जागाच उरत नाही. शेवटी पन्हळीचं तोंड बंद करून त्यांनी सगळी गच्ची पाण्याने भरली आणि तशीच ठेवली. दिवसातून दोनदा त्यांच्यातला एक जण खाली येऊन छताकडे निरखून बघायचा. आपल्या कामावर आपणच पाणी सोडायचं, ते टिकतं की नाही हे घरमालकासमोर बघायचं, आणि मगच पैसे घ्यायचे. एवढा सचोटीचा व्यवहार मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

वायरमनचं काम तासाभरात झालं, पण ते सगळ्यांत आधी व्हायला हवं असं मला आता प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. ओल्या भिंतीत वीज उतरू शकते. छत गळायला लागलं की पहिल्यांदा मेन स्विच बंद करावा, भिजलेल्या बोर्डाला कुणी हात लावू नये, आणि घरात विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच नसेल तर तो बसवून घ्यावा.

अशा माणसांना कामाला बोलावताना काय बघावं, असं मला शेजारणी विचारतात. मी सांगते, तो आधी प्रश्न विचारतो का ते बघा. घर कधी बांधलं, डाग पाऊस सुरू झाल्याबरोबर दिसतो की दोन दिवसांनी, उन्हाळ्यात जातो की राहतो, हे ज्याला विचारावंसं वाटतं त्याला काम कळतं. डागाकडे एक नजर टाकून जो रकमेचा आकडा सांगतो त्याला चहा देऊन निरोप द्यावा. काम काय करणार, कुठलं सामान वापरणार, हे कागदावर लिहून घ्यावं. उचल थोडी द्यावी आणि उरलेले पैसे पहिल्या मोठ्या पावसानंतर, ठरल्याप्रमाणे, एक दिवसही न थांबवता द्यावेत. आणि "आत्ता नको, भिंत वाळू दे" असं जो सांगतो त्याचा नंबर जपून ठेवावा. तो स्वतःचा रोजगार पुढे ढकलून तुमचं घर वाचवत असतो.

मला याचा एवढा ध्यास का, तर आमचं गाव पाण्याच्या दोन रूपांमधलं अंतर ओळखतं. एक पाणी असं येतं की त्याच्यापुढे कुठल्याही गवंड्याचा, सुताराचा इलाज चालत नाही. सुप्यात चढलेलं पाणी तसं होतं. त्याला उगम होता, पण तो बंद करणं आमच्या हातात नव्हतं. त्याची भरपाई कागदावर झाली. आईच्या मनात ती अजून झालेली नाही, आणि ती होईल असं मी मानत नाही. दुसरं पाणी कौलाच्या फटीतून येतं. त्याचा माग काढता येतो, त्याला वाट करून देता येते, त्याने बिघडवलेलं सुधारता येतं. पहिल्याने ज्यांचं सगळं नेलं त्या माणसांनी दुसऱ्यासमोर हात टेकायचे नाहीत, असं मला मनापासून वाटतं. पुन्हा उभं केलेलं घर म्हणजे एका पिढीने परक्या जागेवर दाखवलेली हिंमत आहे. तिची देखभाल ज्यांना येते ते कारागीर या गावाला डॉक्टर-मास्तरांइतकेच मोलाचे आहेत.

आणि ते कमी होत चालले आहेत. गवंडीमामांचा मुलगा गोव्यात नोकरी करतो, सुताराच्या हाताखाली कुणी पोरगा नाही. नव्या इमारती बांधायला माणसं मिळतात, जुनं घर वाचता येणारा डोळा मिळत नाही. २०१८ च्या महापुरानंतर केरळात आयटीआयचे विद्यार्थी आणि शिक्षक घरोघर गेले, वायरिंग बघितलं, नळ जोडले, दारं-खिडक्या बसवल्या. लोकांची घरं राहण्याजोगी झाली, आणि त्या मुलांना वर्गात शिकता आलं नसतं इतकं शिकायला मिळालं. आमच्याकडे महापुराची वाट बघायची गरज नाही. आमचा प्रत्येक आषाढ ही त्याचीच शाळा आहे. बेळगाव, खानापूर, दांडेली, जोयडा इथल्या शिकणाऱ्या मुलांनी पावसाळ्यात काही आठवडे अशा जुन्या जाणकारांबरोबर घरोघर फिरावं, भिंतीवर बोटाचा ठोका द्यावा, टणक आणि बोदा आवाजातला फरक कानाने शिकावा, वाशाच्या पोटाशी धावणाऱ्या थेंबाचा माग काढावा.

त्यासाठी घरमालकांनीही एक गोष्ट करायला हवी. काम करायला आलेला मिस्त्री सोबत एखादा शिकाऊ पोरगा आणतो तेव्हा त्या पोराची मजुरी कापू नये. यंदा गवंडीमामा एका मुलाला घेऊन आले होते. त्याच्या हातात खडू होता. आईने दोघांचे पैसे वेगवेगळे मोजून दोघांच्या हातावर ठेवले आणि मुलाला सांगितलं, "पुढच्या पावसाळ्यात तूही ये. तुझी मजुरी आम्ही देऊ."